एल्मग्रोव्हचे सुगीचे जेवण पुढे कोणी मांडायचे

मी, रगना बोर्घिल्ड हॉगेन, वय सत्तेचाळीस, धंदा पाव आणि केक भाजणे, राहणार रेल्वे रस्ता, एल्मग्रोव्ह, प्रांत सास्कॅचेवान, आज भरदिवसा, चष्मा लावून, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही भिडेला न पडता माझ्या पश्चात काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरणाचा विचार करायला सवडच झाली नाही.

प्रकृती चांगली आहे. फक्त डाव्या मांडीत पोलादी सळई आहे. एप्रिलमध्ये गावाच्या सभागृहाच्या छपरावरच्या सुटलेल्या फळ्या ठोकताना मी घसरून खाली आले आणि कोणी रस्त्याने जाईपर्यंत ओल्या गवतात पडून राहिले. पाय दुखत होताच, पण मनात सारखे एकच येत होते, की मी इथेच संपले तर ऑक्टोबरात सुगीच्या जेवणाची टर्की कोण भाजणार? त्या प्रश्नाचे उत्तर आता मला मिळाले आहे. ते कायद्याने पक्के व्हावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

वकील डॅनिलुकबाईंनी मसुदा वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "रगना, कायद्याला एवढ्या गप्पा चालत नाहीत." मी म्हटले, "कायद्याला नको असतील तर त्याने त्या ओळी सोडून वाचावं." त्यांनी सुस्कारा टाकला आणि पुढचे पान टाइप करायला घेतले.

कलम १. गाव म्हणजे काय

या कागदात जिथे 'गाव' असे म्हटले आहे, तिथे एल्मग्रोव्ह समजावे. चतुःसीमा अशा: उत्तरेला खारे तळे, जे उन्हाळ्यात आटले की मिठासारखे पांढरे पडते. दक्षिणेला रेल्वेचा बांध. रूळ नेले, बांध राहिला. पूर्वेला घळ आणि घळीपलीकडे प्रिचर्डांची शेती. पश्चिमेला काही नाही. म्हणजे गहू आहे आणि त्याच्यापुढे आभाळ.

नावात एल्म वृक्षांची राई आहे, पण इथे माणसाने लावण्यापूर्वी एकही झाड नव्हते. दूरच्या कचेरीत बसलेल्या कोणा रेल्वे साहेबाने नाव ठेवले. त्याने जागा पाहिली नव्हती. माझ्या पणजोबांनी नॉर्वेहून येताना त्या नावावर विश्वास ठेवला होता. गाडीतून उतरून त्यांनी चहूकडे बघितले आणि पणजीला म्हणाले, "राई बहुतेक झोपली असेल." पणजी त्यांच्याशी बर्फ पडेपर्यंत बोलली नाही.

तरीही गाव झाले. रुळांच्या कडेला धान्याची तीन उंच लाकडी कोठारे उभी राहिली. ती इतकी उंच होती, की शेतात चुकलेले मूल त्यांच्याकडे तोंड करून चालत घरी येई. बँक आली, हॉटेल आले, चाउ विंगचे उपाहारगृह आले, शाळा आली. मग दुष्काळाची, धुळीच्या वादळांची वर्षे आली आणि बँक गेली. मग पक्का हमरस्ता झाला, तो आमच्या बराच दक्षिणेने. मग शाळा बंद, टपालघर बंद, शेवटी आगगाडी बंद. आमच्याकडे माणसे गाव सोडताना घरही नेतात. खाली तुळया सारून घर उचलतात, चाकांवर चढवतात आणि ओढत दुसऱ्या गावी नेऊन ठेवतात. मागे तळघराचा चौकोनी खड्डा तेवढा राहतो. लहानपणी मी शेवटची घरे जाताना पाहिली. पडदे तसेच लावलेले, आणि घर गव्हातून हळूहळू चाललेले. आई दारात उभी राहून हात हलवायची, माणसांना आणि घरांनाही.

म्हणून भूगोल असा, की एल्मग्रोव्ह हे खड्ड्यांचे गाव आहे. कोणता खड्डा कोणाचा, ते मला पाठ आहे.

कलम २. जागा

कर थकलेल्या जागा लिलावात निघाल्या तेव्हा बोली लावायला आई एकटीच होती. त्यामुळे आज बहुतेक गाव माझ्या मालकीचे आहे. मी बँकेची मालकीण आहे. बँकेला छप्पर नाही. मी हॉटेलची मालकीण आहे. हॉटेलला भिंती नाहीत.

चाउ विंगच्या उपाहारगृहाची जागा त्याचा नातू लॉर्न चाउ याला द्यावी. तो रेजायनाला दातांचा डॉक्टर आहे आणि दर ऑक्टोबरात येऊन त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहतो. एकदा मी विचारले, "लॉर्न, काय बघतोस एवढं?" तो म्हणाला, "आजोबांना एवढ्या बर्फात भाजी कुठून मिळत असेल, ते बघतोय." हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवते. दात उपटणारा माणूस ठरवलेले काम अर्धे सोडत नाही.

बँकेच्या तळघरात जमिनीत बीळ करून राहणारी घुबडे आहेत. त्यांना उठवू नये. त्या इमारतीत आजवर राहिलेल्यांपैकी तीच कोणाच्या घरावर जप्ती न आणणारी.

उरलेल्या जागा सभागृहाला जोडाव्यात. सुगीच्या जेवणाच्या दिवशी गाड्या लावायला लागतात.

कलम ३. बहीण सिग्ने

माझी थोरली बहीण सिग्ने व्हँकुव्हरला असते. तिला आईचा चांदीचा ब्रोच द्यावा, लोंबत्या चकत्यांचा, जो लहानपणी तिने मला एकदाही लावू दिला नाही. आई गेल्यावर मी सास्काटूनमधली बेकरीतली नोकरी सोडून इथे परत आले, तेव्हा सिग्नेने फोन केला होता.

"रगना, तू वेडी आहेस. भुतांना जेवायला घालायला चाललीस."

"भुतं जेवण झाल्यावर भांडी घासायला तरी थांबतात, सिग्ने. तू कधी थांबलीस?"

ती हसली, मग रडली, मग फोन ठेवला. ब्रोच देताना तिला सांगावे, की मी रागावलेली नाही. थोडी होते, ते संपले.

कलम ४. रेल्वे

रेल्वेला काहीही नाही.

कलम ५. सभागृह

खरे मृत्युपत्र हेच. बाकीचे वाचायला वेळ नसेल तर एवढे वाचावे.

सभागृहाची जागा गावाच्या आरंभी इलायस प्रिचर्ड नावाच्या एकट्या माणसाने दिली. पहिला हिवाळा त्याने मातीच्या झोपडीत काढला होता आणि त्या हिवाळ्यात त्याने एकही जेवण माणसासोबत घेतले नव्हते. म्हणून जागा देताना त्याने अट घातली. ती खरेदीखतात आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या फळीवर रंगवलेलीही आहे, सगळ्यांना दिसेल अशी: ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी इथे सुगीचे जेवण मांडले जाईल, आणि गावाबाहेरचा एक तरी माणूस बसून पोटभर जेवेल, तोवर जागा गावाची. ज्या वर्षी हे चुकेल, त्या वर्षी जागा प्रिचर्डांकडे परत.

गाव भरलेले होते तेव्हा या अटीवर लोक हसत. जेवण चुकणार कसे? शेजारच्या गावांचे लोक गाड्यांत बसून आपली पंगत यायची वाट पाहत. गाव रिकामे झाले तेव्हा हसू थांबले. तोवर प्रिचर्डांकडे इलायसचा नातू एमरी कर्ता झाला होता. त्याला तिथे यंत्रांसाठी पत्र्याची शेड बांधायची होती. दर वर्षी जेवणाच्या दिवशी तो घळीच्या कडेला ट्रक उभा करून बसे आणि बघे. एकदा आई त्याला कॉफी द्यायला गेली.

तो म्हणाला, "बोर्घिल्ड, एक ना एक वर्षी तू दमशील."

आई म्हणाली, "दमेन की. पण शनिवारी नाही."

आई गेली. मग मी. काही वर्षे चारपाच पाहुणे येत, तेही मी फोन करून करून बोलावलेले. आणि मग ते वादळाचे वर्ष आले.

शुक्रवारपासून बर्फ लागला. शनिवारी सकाळी हमरस्ता बंद झाला. फोन येत गेले: रगना, जमत नाही. रगना, माफ कर. मी तरीही टर्की भट्टीत घातली, कोबीच्या पानांचे भात भरलेले रोल शिजवले, सलगम कुस्करला, बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटल्या. का, ते सांगता येणार नाही. हात थांबवले असते तर मला खाली बसावे लागले असते, आणि खाली बसले असते तर मी उठले नसते.

दिवस उतरायला लागला तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज आला. त्या बर्फातून दुसरे काही येणे शक्यच नव्हते. दार उघडून एमरी प्रिचर्ड आत आला. भुवयांवर बर्फ गोठलेला.

"कोण कोण आलंय?" त्याने विचारले.

"तुम्ही."

"मी जेवायला नाही आलो, पोरी. मी बघायला आलोय."

"मग बसून बघा. आधी दार लावा, ग्रेव्हीवर साय धरतेय."

तो शेकोटीजवळ बसला. टोपी काढली. मी त्याच्यापुढे भरलेले ताट ठेवले.

"मला भूक नाही."

"भुकेचं कोणी विचारलं, मिस्टर प्रिचर्ड? एवढी टर्की मी एकटीनं कुठे घालायची?"

आमच्याकडे वादळातून आत आलेल्या माणसाने पुढ्यातले ताट सारले, तर ते दार त्याला पुन्हा उघडत नाही, आणि तशी वेळ कोणी आणत नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही, ते आईच्या दुधाबरोबर येते. एमरीने हातमोजे काढले. टर्की खाल्ली, सलगम खाल्ला, रोल संपवून आणखी मागितले. मग त्याने विचारले,

"पाई कसली?"

"सास्काटून बेरीची."

"क्रीम?"

"आहे."

पाईचा शेवटचा घास तोंडात असताना त्याची नजर वर गेली. फळीवर थांबली. त्याचे ओठ अक्षरांबरोबर हलायला लागले आणि मग चावणे थांबले.

"तुम्ही घळीपलीकडे राहता ना?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारले. "म्हणजे गावाबाहेरच."

त्याने तोंडातला घास गिळला.

"मी बघायला आलो होतो," तो म्हणाला.

"मग काय पाहिलंत?"

"क्रीम पातळ होतं."

तो उठला. आपले ताट आपण घासले, पुसले, जागेवर ठेवले आणि निघून गेला. दार लागल्यावर मी पिठाच्या हातांनी तोंड झाकून इतकी हसले, की रडू आवरेना. फार नंतर मला कळले, की त्याची बायको त्याच वसंतात गेली होती आणि त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटलेली नव्हती. तो खरेच नुसता बघायला आला होता का, हे मी त्याला कधी विचारले नाही. काही गोष्टी विचारल्या की लहान होतात.

एमरीच्या हातून एकच चूक झाली. तो गप्प बसला नाही. हिवाळाभर धान्य विकायला जाईल तिथे तो तक्रार करत राहिला, "त्या हॉगेनच्या पोरीनं मला जेवायला घालून फसवलं!" तालुकाभर झाले. पुढच्या ऑक्टोबरात लोक आले, एमरी प्रिचर्डला पाई घालून हरवणारी बाई बघायला. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी भाऊ-बहिणींना आणले. मग ज्यांची घरे चाकांवर गेली होती त्यांची नातवंडे यायला लागली. आणि एमरी? तो पहिल्या पंगतीला, शेकोटीजवळच्या खुर्चीवर. अजूनही क्रीमबद्दल बोलतो.

आता या वर्षाचे. जूनमध्ये मी कुबड्यांवर होते. एमरी कागद घेऊन आला. हातात टोपी.

"पोरी, मी अट सोडून देतोय. डॅनिलुकबाईंकडून लिहून आणलंय. आता तुला काही झालं तरी जागा गावाचीच."

"गावात कोण आहे?"

"तू."

"आणि मला काही झाल्यावर?"

तो टोपी फिरवत राहिला.

"अट सुटली ना, मिस्टर प्रिचर्ड, की एखाद्या वर्षी कोणीतरी म्हणेल, यंदा पाऊस आहे, राहू द्या. पुढच्या वर्षी म्हणेल, गेल्या वर्षी तरी कुठे केलं होतं. आई तुमच्या भीतीनं उठायची. मीही."

"म्हणजे मी जन्मभर तुमच्यावर डोळा ठेवून बसलो, ते उपकारच केले की."

"थोडेसे. फार चढून जाऊ नका."

त्याने तो कागद स्वतःच शेकोटीत घातला. अट कायम आहे आणि माझ्या इच्छेने कायम आहे. या मृत्युपत्राचा कोणीही वेगळा अर्थ लावू नये.

तेव्हा: गावात मी एकटीच उरल्यामुळे माझ्याकडे आलेले सभागृह, स्वयंपाकघर, टर्की भाजायची भांडी, रेघांचे लाटणे, पोळी उलटायची लांब पट्टी, माझे घर आणि जे काही पैसे साठलेले असतील ते छपरासाठी, हे सगळे मी डेला प्रिचर्ड हिला देते. डेला ही एमरीची एकुलती नात. वेल्डिंगचे काम करते. बटाटे सोलणे तिला आवडत नाही.

लोक म्हणतील, रगनाने हे काय केले? जेवण चुकले तर जागा ज्या घराकडे जाणार, त्याच घरच्या मुलीच्या हातात जेवण दिले. हे बोलणे आमच्यात झालेले आहे. या ऑक्टोबरात, जेवणाच्या सकाळी, मी काठी टेकून उभी होते आणि डेला लाटत होती. पोळ्या फाटत होत्या.

"फाटलेली आपण खायची," मी म्हटले. "अख्खी पाहुण्याला."

"तू कागदात माझं नाव घालणार आहेस, ते कळलंय मला. मी काय मरेपर्यंत बटाटे सोलू?"

"छे. मी मरेपर्यंत मी सोलते. मग तू."

ती हसली नाही. लाटणे खाली ठेवले. "रगना, एक वर्ष जरी जेवण झालं नाही, तर ही जागा आमची होते. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"आणि तरी?"

"तुला जागा हवी की गाव, ते तू ठरव. दोन्हींच्या किल्ल्या तुझ्याकडेच असतील. चोरून काही करावं लागणार नाही."

खिडकीबाहेर पहिल्या गाड्या यायला लागल्या होत्या. डेला त्यांच्याकडे बघत राहिली. रेल्वे रस्त्यावर बांधापर्यंत ट्रक लागत होते. एक म्हातारे गृहस्थ मुलांना खड्ड्याच्या काठावर नेऊन हाताने हवेत भिंती काढून दाखवत होते: इथे चूल, इथे जिना, इथे तुझी पणजी पडली होती. हॉटेलच्या जागेवर कोणीतरी घडीच्या खुर्च्या उघडून मांडल्या होत्या. जिथे मी एकटी राहते, त्या गावात त्या दिवशी मला दुसऱ्या पंगतीला बसायला खुर्ची मिळाली नाही.

डेलाने हात पुढे केला. "पीठ दे इकडे. आणि बाजूला हो, मध्ये मध्ये उभी राहतेस."

मी बाजूला झाले. आयुष्यात मला कोणी याहून चांगले काही म्हटलेले नाही.

कलम ६. माझे दफन

बांधाच्या उत्तरेला, आईशेजारी. भाषणे नकोत. कॉफी कडक असावी. मरण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आले तर मला थंड खोलीत ठेवावे आणि आधी जेवण उरकावे. मी थांबेन. डेलाने रडायचे असल्यास पाई भट्टीत गेल्यावर रडावे, तेव्हा थोडी सवड असते.

कलम ७. साक्षीदार

डॅनिलुकबाईंनी सांगितले, की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. हे ऐकल्याबरोबर मी एमरी प्रिचर्ड यांना साक्षीला बोलावले. नियम कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पुन्हा फसवलंस." मग त्यांनी माझ्याकडेच पेन मागितले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, माझ्या मनासारखा आहे, आणि खाली दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

सही: रगना बोर्घिल्ड हॉगेन

साक्षीदार पहिला: एमरी इलायस प्रिचर्ड, शेतकरी, घळीच्या पूर्वेला

साक्षीदार दुसरा: वॉल्टर क्रॉयटर, रस्त्यावरचा बर्फ काढणारे यंत्र चालवतो, राहणार शेजारचे हार्लन गाव

दिनांक: ४ नोव्हेंबर २०२३

स्थळ: एल्मग्रोव्ह, सास्कॅचेवान.

(या जागी टाइप केलेले 'हार्लनच्या उत्तरेकडील निर्जन ठिकाण' हे शब्द मी पेनाने खोडले आहेत. कायद्याप्रमाणे दुरुस्ती मान्य असल्याची तिघांची आद्याक्षरे शेजारी आहेत: र. बो. हॉ., वॉ. क्रॉ., आणि सर्वांत मोठ्या अक्षरात, ए. इ. प्रि.)